खुर्चीबाई

विद्यापीठाच्या नृत्य विभागात दर मंगळवारी आरोग्याचा तास असे, आणि त्याला जायचं सृष्टीच्या अगदी जिवावर येई. शिकवायला पूर्वा मॅडम. फिजिओथेरपिस्ट. त्याआधी त्या हडपसरच्या आयटी कंपन्यांत लोकांना खुर्चीवर ताठ बसायला शिकवत, म्हणून मुलींनी त्यांचं नाव 'खुर्चीबाई' ठेवलं होतं. नाचणाऱ्यांना बसायला शिकवणार म्हणे, घ्या!

सृष्टीचं हसणं मात्र वरवरचं होतं. तिची डावी नडगी महिनाभर ठणकत होती. पाय आपटला की कळ थेट मस्तकात जाई. पण यंदा वार्षिक कार्यक्रमात एकटीनं नाचायचा मान तिला मिळाला होता, आणि दुखणं शैलाताईंच्या कानावर गेलं की तो गेलाच. कथक शिकवणाऱ्या शैलाताई म्हणजे साक्षात जमदग्नी. त्यांच्यापुढे शिंकायचीही चोरी.

त्या मंगळवारी नेमक्या शैलाताईच वर्गात मागे येऊन बसल्या.

"कुणाचं काही दुखतंय?" मॅडमनी विचारलं.

कुणाचंच काही दुखत नव्हतं. सगळ्या ठणठणीत.

"बरं. नाचाआधी जमिनीला हात का लावता?"

"तिच्यावर पाय आपटणार, म्हणून तिची क्षमा मागतो," सृष्टी म्हणाली.

"आणि पायाची कोण मागतं?"

कुणीतरी खुदकन हसलं. सृष्टी मात्र पेचात पडली. हात वर करावा तर नाच जातो, न करावा तर पाय.

"उजवा गुडघा," मागून आवाज आला. शैलाताईंचा हात वर होता! "अशा बघू नका माझ्याकडे. तुमच्या वयात गुरूंपासून लपवला. आता जिना चढताना तोच सगळ्यांना सांगत सुटतो."

सृष्टीचा हात कधी वर गेला, तिचं तिलाच कळलं नाही.

मॅडमनी नडगी हलकेच दाबून पाहिली. "उद्या एक्सरे काढू. हाडाला चीर असू शकते. बरं होईल, पण तोवर पाय आपटायचा नाही."

"ताई, मग माझा कार्यक्रम?" सृष्टीला रडू आवरेना.

"पाय दुखतोय ना? चेहरा तर धड आहे. बसून ठुमरीतले भाव दाखव," शैलाताई म्हणाल्या आणि मॅडमकडे वळल्या. "अहो, मुली तुम्हाला खुर्चीबाई म्हणतात ना? मग हिला नीट बसायला शिकवा."

वर्गात हशा पिकला. सृष्टी रडतारडताच हसली. खाली बसायला ती वाकली, तेव्हा तिचा हात जमिनीच्या आधी नडगीला लागला.