ठिपक्यांचं कुरण

पाठीवर यंत्र बांधलेली तणमोराची मादी आखाडीच्या सुमारास गावच्या कुरणात उतरली आणि नकाशावर ठिपके पडू लागले. अकोल्यात पक्षिसंस्थेच्या कार्यालयात बसून नीलम ते बघायची. आजूबाजूला नुसतं सोयाबीन. ठिपके मात्र सगळे तिच्याच गावच्या ई-क्लासमध्ये, सरकारी गायरानात. आखाडी ते दसरा तिथं गुरं सोडायची नाहीत, दसऱ्यानंतर बोली लावून गवताचा हर्रास, ही गावाची जुनी रीत. त्या रीतीनंच पाखरू वाचलेलं.

संस्थेचे साहेब म्हणाले, "जागा राखीव करायला नकाशा वनखात्याला पाठवून देऊ." नीलम म्हणाली, "आधी गावाले दाखवतो. माझं गाव हाय."

ग्रामसभेत तिनं नकाशा भिंतीवर लावला. तिचे काका जानराव कुरणाचे राखणदार. ते उठले. "तुह्या पाखराले सातबारा करून देतं का आता?"

सभा हसली. नीलमही हसली.

"हसू नको. वनखातं आलं तं गवत कोन कापन?"

खोटं बोलणं तिला जमलं नाही. "ते आता नाही सांगता येत, काका."

मग कोणी हसलं नाही.

ती अकोल्याला परतली आणि ठिपके एका जागी दाटले. मादी अंड्यांवर बसली! शेतात तण निंदताना बाया म्हणायच्या ती ओळ नीलमच्या ओठांवर आली:

तणामंदी तणमोर, त्याले नाही घरदार
पंखाखाली झाके पोर, मायबाई

पण अंड्यांवरची मादीही चाऱ्याला उठते. ही उठेना. ऊन चढलं, कललं, ठिपका तिथंच. नीलमनं गावची एसटी धरली.

कुरण नव्हतं. काळी माती उलथून पडलेली, गवताची मुळं वर आलेली. धुऱ्याच्या बांधावर जानराव बसले होते.

"रोटावेटर मारला. गावानंच ठरवलं. तूर टाकली."

"काहून, काका?"

"कुरण असतं तं गेलं असतं. वावर कोनी नेत नाही." ते मातीकडे बघत म्हणाले, "मीच होतो टॅक्टरवर. पाखरू दिसलं मले. वाटलं, उडन. हाकललं बी. उडालंच नाही व पोरी ते. बसूनच राह्यलं."

ती तुरीच्या तासातून चालत गेली. चार पिसं सापडली, मातीत कालवलेलं अंड्याचं टरफल, आणि बोटाच्या पेराएवढं ते यंत्र. त्याच्या काचेवर ऊन पडलं होतं. उन्हावरच चालायचं ते.

खिशातला फोन वाजला. साहेब होते. "नीलम, ठिपके काय दाटलेत! याहून महत्त्वाची जागा दुसरी नाही. नकाशा आजच पाठवू?"

तिनं फोन कानावरून खाली घेतला. मागून जानरावांचा आवाज आला, "घरी चाल. काकूनं भाकर टाकली असन."

तिनं यंत्र ओढणीत घेतलं, घडीवर घडी घालून गच्च आवळलं. उघडं ठेवलं असतं तर ते सांगतच राहिलं असतं, मी इथं आहे, मी इथंच आहे.