साहेब बोलत नाहीत

शिलाईचं दुकान उघडलं की सासरे कात्रीला तेल घालायचे, सून काजं-बटणं करायला बसायची आणि साहेबांना टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसवलं जायचं. साहेब म्हणजे तिचा मुलगा. तिसरं वर्ष सरत आलेलं, तोंडातून शब्द नाही. हाक मारली तर वळायचा नाही. मशीनचं चाक मात्र तासन्‌तास बघायचा.

"साहेब कशाला बोलतील?" सासू, म्हणजे साहेबांची आजी, गिऱ्हाइकांना सांगायची. "आमचा हात धरून नेतात नि वस्तूवर ठेवतात. आम्ही नोकरमाणसं हजरच!"

गिऱ्हाईक हसायचं. सूनही हसायची. हसलं की पुढचा प्रश्न टळतो.

एकदा बालवाडीच्या बाई ड्रेस सैल करून घ्यायला आल्या. त्या हसल्या नाहीत. टेबलाखाली वाकल्या, टाळी वाजवली, बोट दाखवून बघितलं.

"अगं, याचे कान तपासलेस का? उशिरा बोलणाऱ्या मुलांसाठी केंद्र आहे, तिथं ने याला. या वयात मूल भराभर शिकतं. मदत आत्ता हवी. नंतरही होते, पण चढण फार."

सासऱ्यांनी टेप गळ्यात टाकली. "बाई, लहान पोराच्या कपड्यात आम्ही आत कापड दाबून ठेवतो. वाढला की उसवायचं. पोरातही असतंच तसं. याचा बाप उशिराच बोलला."

"बापाचं मला माहीत नाही. मी याचं सांगतेय."

बाई गेल्या तशी सासू सुनेजवळ येऊन बसली.

"नणंदेला बघायला येतायत तुझ्या. त्या केंद्राच्या दारात तुला कुणी पाहिलं ना, की संपलं. म्हणतील, घराण्यातच आहे. तिचं एकदा होऊ दे, मग ने कुठं न्यायचं ते."

"तोवर याचं काय?"

"याला काय धाड भरलीय? खातोय, पितोय."

सुनेनं मशीनवर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मशीन जोरात चालवली. मशीन चालू असली की ऐकू आलं नाही म्हणता येतं.

पाहुणे आले तेव्हा साहेबांना ट्रायल रूममध्ये बसवलं. हातात मोबाइल, पडदा ओढलेला. लग्न ठरलं, झालं. मग सासू म्हणाली, "नवीन घर आहे तिचं, जरा रुळू दे." मग म्हणाली, "दिवस गेलेत तिला, आत्ता नको विषय." दर वेळी कारण नवं, आणि दर वेळी सून मान हलवायची. पोरगं वाढत होतं. आता दुकानात अनोळखी माणूस आलं की ते आपणहून ट्रायल रूममध्ये जायचं आणि पडदा ओढून घ्यायचं.

"बघा, किती शहाणा आहे!" आजी म्हणायची.

नणंद तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी आली. मूल चांगलं गुटगुटीत, पण नजर कुठंच ठरत नव्हती. जावई काउंटरशी चहा घेत उभे होते.

"वहिनी, ही माझ्याकडे बघतच नाही गं. हसत पण नाही."

"पोरी लाजाळू असतात," सासू मध्ये पडली.

"आई, तुला नाही विचारलं. वहिनी, खरं सांग. साहेबाचंही तान्हेपणी असंच होतं का?"

सासूनं डोळे वटारले. मशीनचा आवाज वाढला. सुनेनं सुई कापडात खोचली.

"असंच होतं. अगदी असंच. तुझं लग्न मोडू नये म्हणून आम्ही लपवलं." मग ती जावयांकडे वळली. "तुमच्यापासूनच लपवलं."

मशीन थांबली.

"घर बुडवलंस!" सासू किंचाळली.

"घर कुठलं? पोरगं बुडवलं आपण. मी पण हो म्हणत गेले. आता दुसरं नाही बुडवायचं."

जावई चहा तसाच ठेवून बाहेर गेले, आपल्या आईला फोन लावायला. नणंदेनं मुलीला खांद्यावर घेतलं. "कुठंय गं ते केंद्र?"

"मागच्याच गल्लीत." सुनेनं साहेबांचाही हात धरला.

केंद्रातल्या ताईंनी मुलीला नणंदेच्या मांडीवर समोरासमोर धरलं. खुळखुळा आईच्या गालाशी नेला, हळूच वाजवला आणि थांबल्या. नुसत्या थांबल्या. मुलीची नजर भिरभिरली, खुळखुळ्यावर आली, घसरून आईच्या चेहऱ्यावर क्षणभर टेकली. नणंद रडायलाच लागली.

"असं रोज करायचं," ताई म्हणाल्या. "अंघोळ घालताना, भरवताना. तिनं बघेपर्यंत थांबायचं. डॉक्टरांकडून डोळे-कान तपासून घ्या. लवकर आणलंत ते फार बरं झालं."

सून बघतच राहिली. एवढंच? हे तर टेबलाखाली बसूनही करता आलं असतं. काजं करता करता.

मग ताईंनी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मुलाकडे पाहिलं. "याचंही सुरू करू. जमेल तेवढं नक्की करू. हा कधीपासून असा आहे?"

"हिच्या लग्नाच्या आधीपासून," सून म्हणाली.

नणंदेनं डोळे पुसले, भाच्यापुढे हात पसरले. "ये रे राजा, आत्याकडे ये."

त्यानं वळून पाहिलं नाही. उठला आणि खोलीत पडदा कुठं आहे ते शोधू लागला.