काट्याचं टोक

आता कोल्हापुरात समुद्र कुठनं आणायचा? पंचगंगा आणि रंकाळा, एवढंच आपलं पाणी. पण गणपतराव वस्तादांच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की शिरलं. वाळूतला फुटबॉल, पोरं ज्याला बीच सॉकर म्हणतात, तो त्यांनी मोबाइलवर बघितला आणि तालमीमागच्या मोकळ्या जागेत चार ट्रॉली नदीची वाळू ओतून घेतली. कुणासाठी? तर यशराजसाठी. बावीस वर्षांचा त्यांचा गोलकीपर, लाल मातीत वाढलेला. अनवाणी झेप घ्यायला त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

त्या वाळूत बाभळीचा काटा होता.

बुधवारी तो यशराजच्या टाचेत घुसला. वस्तादांनी काटा ओढून काढला, सवयीप्रमाणे दिव्यावर बिब्बा तापवला आणि त्याच्या तेलाचा टाचेला चटका दिला. तालमीत पन्नास वर्षं हेच चालत आलेलं. "डाक्टरकडं कशाला? सकाळी पळशील," ते म्हणाले. सकाळी टाच फोडांनी भरली. बिब्बा उतला होता, तेलानं कातडी पेटली होती. आज उतरंल, उद्या उतरंल, असं म्हणत वस्ताद दोन दिवस गप्प बसले. सगळ्या पेठेचे काटे काढणारा माणूस, त्याचा हात चुकला हे कुणाला सांगणार?

शनिवारी सकाळी सातला गाडी रत्नागिरीला निघाली. दुपारी तिथल्या किनाऱ्यावर राज्याच्या संघाची निवड होती. यशराजचा मित्र आदर्श गाडी चालवत होता, तोही निवडीला उतरणार होता. वस्ताद मागं यशराजजवळ बसले होते.

"परत सांग की, कसं कसं जायाचं ते," वस्ताद म्हणाले. नुसतं भ्या वाटू नये म्हणून बोलत होते.

यशराजनं डोळे मिटूनच सांगितलं. "आज राज्याचा संघ. राष्ट्रीय स्पर्धेत चांगलं खेळलो तर देशाचं शिबिर. शिबिरातनं देशाचा संघ. मग आशियाई स्पर्धा. तिथं पहिल्या तिनात आलं तरच वर्ल्ड कप."

"आणि आज न्हाय जमलं तर?"

"मग दोन वर्षं थांबायचं, वस्ताद."

त्याचा आवाज जड होता. वस्तादांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. कपाळ तव्यागत तापलं होतं. त्यांनी त्याच्या पँटची कड हळूच वर सारली. घोट्यापासून एक लाल रेघ पोटरीवर चढली होती.

ही रेघ वस्तादांनी एकदा बघितली होती. त्यांच्या जोडीचा पैलवान गुंडू, खिळा लागला होता, तो म्हणाला होता काय होत नाही, आणि वस्तादांनीही ते मानलं होतं. पंधरा दिवसांनी गुंडूचा पाय गुडघ्याखाली कापला. त्यानंतर गुंडू कधी तालमीत आला नाही, वस्तादही त्याच्या घरी गेले नाहीत. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

शाहूवाडी जवळ आली. पुढं आंबा घाट, तिथं दवाखाना कुठला? बोललं तर पोराची दोन वर्षं जातात आणि आपली अब्रूही. नाही बोललं तर पाय जातो. देवा, ह्या वयात काय हे.

"आदर्श, गाडी थांबीव."

यशराजनं डोळे उघडले. "वस्ताद, गाडी थांबली तर मी परत तुमच्या तालमीत पाऊल ठेवणार न्हाय."

"नगं ठेवू," वस्ताद म्हणाले. "पण पाऊल ऱ्हाऊ दे."

शाहूवाडीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी टाच उघडली. चिमट्यात काळं, तिळाएवढं काट्याचं टोक निघालं. ते आतच राहिलं होतं आणि वरनं चटका बसला होता.

"रेघ मांडीपर्यंत गेली असती तर अवघड होतं. आता औषधानं उतरेल," बाई म्हणाल्या. "पण बुधवारीच आला असता ना, तर आज खेळला असता."

वस्ताद भिंतीला टेकले. पाय वाचला हे त्यांना कळत होतं, पण कानात तेवढं शेवटचं वाक्यच राहिलं.

"आणि चटका कुणी दिला हा?"

"मीच," यशराज पटकन म्हणाला. वस्तादांकडं त्यानं बघितलंही नाही.

दाराबाहेर आदर्श उभा होता. संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी त्याच्याच तोंडून जाणार होती. वस्तादांना सुटका दिसली, आणि त्या सुटकेचीच त्यांना किळस आली.

"खोटं बोलतोय त्यो," ते म्हणाले. "मी दिला. आणि दोन दिवस गप्प बसलो, ते बी मीच."

आदर्श खाली मान घालून एकटाच रत्नागिरीला गेला. हे दोघं एसटीनं माघारी फिरले. यशराजचा पाय वस्तादांच्या मांडीवर होता आणि ते दर दहा मिनिटांनी पट्टीच्या वर रेघ कुठवर आहे ते बघत होते. रेघ तिथंच होती. यशराज खिडकीबाहेर बघत होता. वस्तादांनी मनात हिशेब केला, दोन वर्षांनी आपण अठ्ठ्याहत्तरचे. तोवर आपण असू का, आणि असलो तरी हा पोरगा येईल का?

कोल्हापूरचा स्टँड आला तेव्हा यशराज बोलला.

"वाळू चाळून घ्याला पायजे, वस्ताद. चाळण बारीक आणा."

वस्तादांनी त्याचा पाय मांडीवरनं हळूच खाली ठेवला.

"आणतो," ते म्हणाले, आणि त्याला खांदा द्यायला उठले.