साहेबाच्या पोटात काय गेलं

वहिनींचा कुत्रा साहेब सकाळपासून चार वेळा ओकला होता. पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग उंच करून तो कण्हत होता. पोटाला हात लावला की गुरगुरायचा.

वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. परवाच खालचे मास्तर भुंकण्यावरून म्हणाले होते, "याचा बंदोबस्त करायला हवा."

साहेबाला उचलून उतरताना तेच जिन्यात भेटले. "काय झालं हो?"

"तुम्हालाच ठाऊक," वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. "विषबाधा दिसत नाही. स्वादुपिंड सुजलंय. तुपकट काही खाल्लंय का?"

"मी त्याला मोजून देते."

"मग दुसरं कोणी देत असेल. दोन दिवस ठेवून जा. सलाईन, उलटी थांबायचं आणि दुखण्याचं औषध सुरू करते. पुढे मात्र बिनतेलाचंच, थोडं थोडं."

वहिनी घरी आल्या त्या डोळ्यांत तेल घालूनच. मास्तर आदल्या दिवशी घराबाहेर पडलेच नव्हते, मग दिलं कधी? मुलगी वसतिगृहात. घरात उरले एकटे सासरे, नाना. पण माणूस इतका गरीब की मिठाचा खडाही मागून घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी नाना जेवायला बसले. शिवणयंत्राचं पायडल न थांबवता वहिनी तिरक्या नजरेने बघत राहिल्या. नाना वाळत चालले म्हणून महिनाभर त्या त्यांच्या ताटात लोण्याचा गोळा जास्तच घालत होत्या. नानांनी लोणी लावलेला घास हळूच टेबलाखाली धरला. मग साहेब नाही हे लक्षात येऊन हात तसाच राहिला.

"नाना, महिनाभर हेच?"

"घशाखाली उतरत नाही गं. दुखतं. तू एवढं करून वाढतेस, टाकवत नव्हतं."

वहिनींचं पायडल थांबलं. दुपारीच त्यांनी नानांना दवाखान्यात नेलं. घशात जखम निघाली. औषधाने बरी होईल, पण आणखी अंगावर काढलं असतं तर जड गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

साहेब तिसऱ्या दिवशी घरी आला आणि उकडलेल्या भाताकडे तोंड वाकडं करून बघू लागला. वहिनी खाली गेल्या.

"मास्तर, मी तुमच्यावर नाही तो आळ घेतला."

"कळलं होतं मला," मास्तर म्हणाले. दार त्यांनी अर्धंच उघडलं होतं. "कुत्रा कसाय?"

"बराय."

"भुंकतो अजून?"

"आजपासून पुन्हा."

मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि दार पूर्ण उघडलं.