पहिल्या रांगेतला अबोला

बटण एका धाग्यावर लोंबत होतं. पांढऱ्या शर्टाचं, वरून दुसरं, चार भोकांचं. त्यातल्या एकाच भोकात काय तो धागा उरलेला, आणि शर्ट खुर्चीच्या पाठीवर असा टाकलेला की बटण नेमकं तिच्याच डोळ्यांसमोर यावं. खिशाला कागदाचा कपटा टाचलेला. त्यावर एकच शब्द: 'बटण'. म्हणजे हिला ते दिसणार नाही असं वाटलं की काय याला! बत्तीस वर्षं नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून ती भिंगं घासत आली होती. कडेला केसाएवढी चूक राहिली तरी तिच्या नखाला कळायची. पण अबोल्याच्या तीन वर्षांतल्या चिठ्ठ्यांमध्ये ही त्यातल्या त्यात सभ्य म्हणायची. 'दूध उतू' अशीही एक येऊन गेली होती. त्याने ती लिहायला कागद शोधेपर्यंत दूध सगळं शेगडीवर.

तिने सुई ओवली. साडेआठला प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांवर जमायचं होतं. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी निघणारी शांतियात्रा, नदीवरच्या पुलापर्यंत. वाटेत कुणी अक्षर बोलायचं नाही. पुलावर पोचलं की प्रत्येकाने शेजाऱ्याचे हात हातात घ्यायचे आणि म्हणायचं, "माझ्याकडून तुम्हाला शांती." दुसऱ्याने उत्तर द्यायचं, "आणि माझ्याकडून तुम्हाला." ही पद्धत त्यानेच सुरू केलेली. मागची दोन वर्षं तो ऐन वेळी एखाद्या म्हाताऱ्याला आधार द्यायला म्हणून सरकला होता आणि तिच्या वाट्याला शेजारची बेकरीवाली आली होती, पिठाच्या वासाच्या, गरम हातांची. या वर्षी मात्र प्रार्थनागृहाच्या चिटणीसबाईंनी यादीच छापली. पहिली रांग: चष्मेवाले दादा आणि वहिनी. आधी त्यांनी म्हणायचं, मग बाकीच्यांनी. आता पळायला जागा नव्हती. बोलावंच लागेल त्याला... तीन वर्षांनी, माझ्याशी, तोंडाने.

तिने धागा दुहेरी केला. चारही भोकांतून दोनदा काढला, खाली गाठ मारली, वर ओढून पाहिलं.

"निघायला हवं," तो दारातून म्हणाला. तिला नाही, भिंतीवरच्या घड्याळाला. घरात तो घड्याळाशीच बोलायचा. 'चहा झाला असेल तर बरं', 'आज भाजीत मीठ नाही', 'पाहुणे येणार आहेत चार'... त्या घड्याळाला या घरातलं तिच्याहून जास्त माहीत होतं. सुरुवातीला तिने घड्याळातर्फे उत्तरं देऊन पाहिली, की हसेल तरी. हसला नाही. मग तीही गप्प झाली, पण तिची गप्प बसण्याची तऱ्हा वेगळी होती, ती वाट पाहणाऱ्याची.

पायऱ्यांवर दीड-दोनशे माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, तोंडातून वाफा निघतायत, हातात पुठ्ठ्याच्या पाट्या. बेकरीवालीने तिला कोपराने ढोसलं.

"नशीबवान हो वहिनी तुम्ही. भिंतीला भिंत लागून आहे आपली, पण तुमच्या घरातून कधी चढलेला आवाज नाही ऐकला. नाहीतर आमच्याकडे! सकाळी सहाला भट्टी पेटते आणि त्याबरोबर आम्हीही."

"हो ना," ती म्हणाली. काय सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

घंटा झाली. रांगा लागल्या. तो तिच्या डावीकडे येऊन उभा राहिला, आणि यात्रा निघाली.

बंद दुकानांवरून, रात्रीच्या फुटलेल्या बाटल्यांच्या काचा झाडून कडेला लावलेल्या रस्त्यावरून ते चालले. चौकात पोलिसाने हात करून गाड्या थांबवल्या. गाडीतल्या एका मुलीने काच खाली करून फोटो काढला. काय छान दिसत असतील दोघं! पिकल्या केसांचं जोडपं, पांढरं स्वच्छ, पायात पाय मिळवून चाललेलं. मिळवून चालणं भागच होतं, त्याचा उजवा गुडघा दुखायचा आणि ती सवयीने पाऊल आखूड टाकायची. तोंड बंद झालं म्हणून पायांनी सवय सोडली नव्हती. मागे कुणीतरी खोकला दाबला. या लोकांना अर्धा तास गप्प बसायचं तर केवढं कष्टाचं काम वाटतंय! मला विचारा. मी तर शिकवणी घेईन.

दुकानात सगळ्यांत वाईट. मधल्या भिंतीला हातभर खिडकी, तिच्यातून तो गिऱ्हाइकांच्या नंबराची पाकिटं सरकवायचा, न बघता, आणि त्याच खिडकीतून त्याचा आवाज दिवसभर आत यायचा. "या आजी, बसा. हनुवटी इथे टेकवा... आता ओळ वाचा बरं... आणि आता? आता बरं दिसतंय?" काय तो आवाज, साय नुसती! गिऱ्हाइकं दोन गल्ल्या ओलांडून त्या आवाजासाठी यायची. आत चाकावर भिंग धरून बसलेली ती ऐकायची आणि मनातल्या मनात उत्तर द्यायची, 'नाही हो, अजून धूसरच आहे.' एकदा ते मोठ्यानेच तोंडातून गेलं. बाहेर खुर्ची करकरली, मग पुन्हा, "हं आजी, खालची ओळ."

आणि हे सगळं कशावरून? एका हसण्यावरून. तेही धड हसणं नाही, नाकातून निसटलेलं.

वडिलांच्या आजारपणात कोण किती राबलं यावरून त्याचं आणि धाकट्या भावाचं फाटलं होतं. एका संध्याकाळी दीर आपणहून आला. बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहून नवरा परत खुर्चीत बसला, वर्तमानपत्र उघडलं आणि तिला म्हणाला, "बसून राहा." पुन्हा बेल वाजली. बाहेरून दीर म्हणाला, "वहिनी, मी आहे." ...आणि मी बसून राहिले. हातात मटाराची शेंग होती, तीही सोलली नाही, आवाज होईल म्हणून. जिन्यावरून उतरणारी पावलं दोघांनी ऐकली. पंधराच दिवसांनी प्रार्थनागृहात क्षमेवर बोलताना हा भरल्या गळ्याने सांगू लागला, "माझ्या भावासाठी माझं दार सदैव उघडं आहे." तेव्हा ते निसटलं. पोटातून उठलं, छातीतून वर आलं आणि नाकावाटे बाहेर. पुढच्या बाकावरच्या चार बायका वळून बघायला लागल्या. घरी येऊन त्याने बूट काढले, जागेवर ठेवले, आणि त्या दिवसापासून अबोला.

चूक कुणाची, हे तिने चाकावर भिंग फिरवावं तसं फिरवून फिरवून पाहिलं होतं. तो खोटं बोलला हे खरं. पण दार तर मीही उघडलं नव्हतं... मग मी कुणाला हसले? हेच त्याला सांगायचं होतं तिला. की अरे, मी तुला एकट्याला हसले नाही रे. तीन वर्षं हे वाक्य ती जिभेखाली ठेवून होती. पण बोलायला समोरचा आधी वळायला हवा ना. आज वळेल. ठरलेलं वाक्य का असेना, एकदा माझ्याकडे तोंड करून बोलला की त्या फटीतून मी माझं वाक्य सारीन. तेवढ्यासाठी तर या थंडीत पायपीट.

पूल आला. नदीवरून बोचरा वारा. रांगा थांबल्या, चिटणीसबाईंनी मान हलवून खूण केली, आणि तो वळला.

तीन वर्षांनी समोरून पाहिला तिने त्याचा चेहरा. म्हातारा झाला होता. डाव्या डोळ्याखाली एक नवी सुरकुती होती, कधी पडली कोण जाणे. त्याने तिचे हात घेतले. हात गार होते.

"माझ्याकडून तुम्हाला शांती," तो म्हणाला.

खणखणीत, गोड, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा. आणि तिने आवाज ओळखला. खिडकीतला. आजींना हनुवटी टेकवायला सांगणारा. त्याची नजरही तिच्या कपाळाच्या जरा वर लागलेली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो तितक्या उंचीवर. हा आवाज तर गावाला फुकट मिळत होता, याच्यासाठी मी तीन वर्षं झुरले? निदान तो अबोला तरी माझा होता. तो त्याने दुसऱ्या कुणाला दिला नव्हता, अगदी राखून, सांभाळून मला एकटीला दिला होता. आता तोही गेला.

उत्तराची वेळ तिची होती. तीन शब्द. मागे दोनशे माणसं हातात हात घेऊन ताटकळलेली, आधी पहिल्या रांगेने संपवायचं आणि मग त्यांनी. बेकरीवाली डोळे पुसत होती. जिभेखालचं वाक्य तिने शोधलं, आणि ते तिथे नव्हतं. इतक्या दिवसांत विरघळून गेलं असावं. त्याचा अंगठा तिच्या तळव्यात रुतू लागला. हसरा चेहरा तसाच ठेवून, ओठ न हलवता तो पुटपुटला,

"अगं बोल ना. सगळे बघतायत."

अगं.

हा आवाज खिडकीतला नव्हता. वैतागलेला, घाबरलेला, किल्ल्या हरवल्या की घरभर ऐकू यायचा तो, तिच्या नवऱ्याचा. आणि तिचं काळीज, लाज नाही त्याला, टुणकन उडालं. तीन वर्षांचा उपास सुटला तो यावर! यानेही पोट भरतं म्हणजे काय माणूस आहे मी... तिने मान खाली घातली. समोर शर्टाचं दुसरं बटण होतं, घट्ट, चारही भोकांत बसलेलं. त्याच्या कपाळावर, एवढ्या थंडीत, घाम आला होता.

आणि मग पोटात काहीतरी हललं. ती वाट तिच्या ओळखीची होती: पोटातून छातीत, छातीतून नाकाकडे. ते हसू होतं की रडू, तिला सांगता आलं नसतं. तिने ओठ मिटले, त्याचे गार हात तसेच धरून ठेवले, आणि ते वर येताना तिच्या लक्षात आलं, की या खेपेला आपल्याला त्याची भीती वाटत नाहीये.