उडीवाली धून

“बजाव ना गा, वरात दाराशी आली!” वधूपिता शिवलाल ओरडला.

उदारामनं बेंजोला हातही लावला नाही. त्यानं आधी माइक ओढून घेतला. समोर ऐन उन्हात वरबाप दुधराम गुलाबी फेटा बांधून उभा होता. आठ वर्षं उदाराम या माणसाला मनातल्या मनात दात-ओठ खात शिव्या घालत आला होता, आणि आज दवनीवाड्यात देवानं तो आयता ताटात वाढून दिला होता.

“आधी एक सांगतो, मग बजावतो,” उदाराम म्हणाला. “ही उडीवाली धून कोनाची आहे? दुधराम, तुयी का मायी?”

खरं म्हणाल तर ती साता समुद्रापलीकडच्या कुठल्याशा गोऱ्या बँडची. उदारामला मिसरूड फुटत होतं तेव्हाची. नव्व्याण्णव साली गोंदियात स्टेशनबाहेर त्यानं तिची बिनकव्हरची कॅसेट घेतली. शब्द ओ की ठो कळेना, पण त्या गिटारीनं त्याला झपाटलं. एके दिवशी टेपरेकॉर्डरनं फीत खाल्ली. उदारामनं चुरगळलेला तुकडा ब्लेडनं कापला, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडली आणि गाणं तसंच बेंजोवर बसवलं. कापलेल्या चार मात्रा त्याच्या वाजवण्यातूनही गेल्या. नाचणाऱ्यांचा पाय तिथं अधांतरी राहायचा, म्हणून लोक उडी मारू लागले. बघता बघता आमगावपासून दरेकसापर्यंत त्या उडीशिवाय वरात पुढे सरकेना.

तेव्हा उदाराम दुधरामच्या धुमाल पार्टीत, म्हणजे वरातीच्या वाजंत्री पथकात, वाजवायचा. मग दुधरामनं की-बोर्ड आणला, धून त्यात उतरवून घेतली आणि उदारामला काढून टाकलं. एवढ्यावर थांबला असता तर त्याला माणूस म्हटलं असतं. पण उदारामला ऐकू येत नाही, तो बेसूर वाजवतो, अशी आवई त्यानं गावोगाव उठवली. दोन लग्नसराया उदाराम घरी बसून राहिला. बायको रुख्मा लोकांच्या बांधीत धानाच्या रोवणीला गेली. धून मात्र दुधरामच्या नावानं गाजत राहिली. सिनेमाची नवी गाणी आली आणि गेली, ही काही हटेना.

“फीत फसली होती, मी ब्लेडनं कापली,” उदाराम माइकवर सांगत होता, “म्हनून ते उडी...”

“चुलीत गेली तुयी फीत!” गर्दीतून कोणीतरी ओरडलं. “गोष्टी कायले सांगून राहिला? बजाव ना!”

सगळे हसले. दुधराम सगळ्यांत मोठ्यानं हसला. “बहिरा आहे बिचारा, समजून घ्या,” तो म्हणाला.

उदारामची कानशिलं तापली. मग त्याला तिथली रीत आठवली आणि त्याचं डोकं एकदम थंड झालं. मांडवात पाऊल टाकण्याआधी दारात वरबापानं व्याह्याच्या वाजंत्रीवर नाचायचं, आणि वाजंत्री थांबेपर्यंत थांबायचं नाही. थांबला तर त्याची वर्षभर टिंगल.

उदारामनं धून सुरू केली.

पहिल्या फेरीला दुधराम झोकात उडाला. तिसरीला उदारामनं लय वाढवली. सहाव्या फेरीला गुलाबी फेटा धुळीत पडला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पोरं शिट्ट्या फुंकत होती, आणि साठीचा दुधराम गुडघे धरून उड्या मारत होता. उदारामला फार बरं वाटत होतं. रुख्मा इथं असायला हवी होती, असं त्याला वाटलं.

नवव्या फेरीला दुधराम धडपडत बेंजोपाशी आला आणि त्यानं हात जोडले. “तुयीच आहे गा धून! तुयीच आहे, बापा! पाया पडतो, बंद कर!”

भोंग्यांच्या गोंगाटात एकालाही ते ऐकू गेलं नाही. लोकांना वाटलं, वरबाप रंगात आला. ऐकलं ते फक्त बहिऱ्या उदारामनं.

त्यानं हात थांबवला. माइक दुधरामच्या तोंडासमोर धरला. “बोल. आता साऱ्यायले सांग.”

दुधरामनं श्वास घेतला, घाम पुसला, फेटा उचलून झटकून डोक्यावर ठेवला. व्याह्याकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं.

“व्याही,” तो माइकवर म्हणाला, “पंगत बसवा. उशीर होऊन राहिला.”

उदारामनं माइक खाली ठेवला. दुधरामचं पाऊल अजून मांडवाच्या बाहेरच होतं. उदारामनं पुन्हा तारांवर हात ठेवला आणि या खेपेला सुरुवातच दुप्पट लयीत केली.