व्हेसेलच्या कासवाची टाकी

व्हेसेल जाऊन वर्ष होत आलं होतं. खाली त्याची आई हेंड्रिका, वर त्याची बायको मार्लूस. मधे एक जिना, आणि त्या जिन्यावर एकही गोड शब्द नाही. दोघींच्या मधे त्याचं कासव तेवढं उरलं होतं. ते आईने ठेवून घेतलं होतं, जिन्याखालच्या अंधारात, कपडे भिजवायच्या टबात. ना दिवा, ना ऊब, ना अंग सुकवायला एखादी फळी. मार्लूसने परवा त्याच्या पाठीवर बोट टेकलं, तर कवचाची कड भिजल्या पुठ्ठ्यासारखी दबली.

"मरेल हे तुमच्याकडे," ती म्हणाली.

"माझा मुलगा तुझ्याकडेच मेला ना?" हेंड्रिका म्हणाली. "नीट टाकी आण, मग ने. तोवर हात लावायचा नाही."

आणि आज काचेची टाकी आली. हॉलंडमधल्या लायडन गावच्या त्या कालव्यावरच्या सगळ्याच घरांसारखा याही घराचा जिना शिडीएवढा अरुंद. पलंग काय, कपाट काय, वर जायचं ते बाहेरून, माथ्यावरच्या आकड्याला कप्पी लावून, खिडकीतून. शेजारचा टून खाली दोर ओढत होता. मार्लूस चौकट काढलेल्या खिडकीत हात पसरून उभी. हेंड्रिका आपल्या दारात, हाताची घडी घालून.

टाकी अर्ध्यावर आली आणि कालव्यावरून वारं सुटलं. काच झोका खाऊन भिंतीकडे निघाली. ओल्या विटांवर टूनचा पाय घसरला.

"सासूबाई, दोर धरा!"

"मी का म्हणून?"

"धरा म्हणते ना!"

"पडू दे की. माझं काय जातंय?"

खरंच होतं. काच फुटली असती तर कासव जिन्याखालीच राहिलं असतं, आणि म्हातारीला त्यासाठी बोटही हलवायला नको होतं. मार्लूसला ते वरून लख्ख दिसत होतं. तेवढ्यात दोर हातभर सुटला. टून ओरडला, आणि हेंड्रिका पायरीखाली होती. ॲप्रन मुठीभोवती गुंडाळून तिने दोर धरला.

"ओढ रे मेल्या! हाताला लोणी लावलंयस का?"

"ओढतोय काकू, ओढतोय!"

टाकी खिडकीशी आली. मार्लूसने ती पोटाशी धरून आत घेतली.

"आभार मानू नकोस," खालून आवाज आला. "माझ्या उंबऱ्यावर काचा नकोत मला."

मार्लूसने मग टाकी आतल्या भिंतीला लावली. तळाला गोटे घातले, गिळता येणार नाहीत असे मोठे. कोपऱ्यात पाण्याबाहेर डोकावणारी उतरती फळी, फळीच्या वर दिवा, पाण्यात हीटर. बादलीवर बादली पाणी ओतता ओतता तिचे खांदे भरून आले.

हेंड्रिका टब कडेवर घेऊन वर आली. तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं तिने कोपर बुडवून बघितलं.

"गार आहे."

"हीटर आत्ताच लावलाय."

"मग पाणी ऊन होईस्तोवर ते माझंच."

"खुर्चीवर तरी बसा."

"तुझ्या खुर्चीत? नको गं बाई."

ती बाहेर वरच्या पायरीवर बसली, मांडीवर टब घेऊन. दार उघडंच होतं. एक आत, एक बाहेर. कोणी कोणाकडे बघेना. टबात नखं प्लॅस्टिकवर खरखरत होती, थांबत होती, पुन्हा खरखरत होती.

हीटरचा लाल दिवा विझला.

"झालं ऊन," मार्लूस म्हणाली.

म्हातारी उठली नाही. मार्लूसनेही दुसऱ्यांदा सांगितलं नाही. बऱ्याच वेळाने हेंड्रिका आत आली. कासव दोन्ही हातांनी उचलून तिने पाण्यात सोडलं. ते क्षणभर दगड होऊन बुडालं, मग चारही पाय फाकून पोहू लागलं. टबात त्याला पाय असे कधी पसरता आले नव्हते.

"टब राहू द्या," मार्लूस म्हणाली. "मी घासून देते."

"टब माझा आहे," हेंड्रिका म्हणाली, आणि रिकामा टब कडेवर घेऊन जिना उतरू लागली.